मोतीबिंदूनंतरची ‘जाळी’ आणि कृत्रिम भिंगाचा पदार्थ

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा अंधुक दिसू लागले, की ‘मोतीबिंदू परत आला’ असा समज होतो. वस्तुतः काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. नैसर्गिक भिंगाची पातळ पिशवी कृत्रिम भिंगाच्या आधारासाठी डोळ्यातच ठेवलेली असते. तिच्यात उरलेल्या पेशी वाढत मागील आवरणावर सरकतात आणि ते गढूळ होते. यालाच बोलीभाषेत ‘जाळी येणे’ म्हणतात.

पदार्थांचा प्रवास

ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात पहिले कृत्रिम भिंग बसवले. ते पीएमएमए या कडक प्लॅस्टिकचे होते. पुढे घडी घालून लहान छेदातून आत सरकवता येणारी सिलिकॉन व ॲक्रिलिक भिंगे आली. ॲक्रिलिकचे दोन प्रकार आहेत : पाणी शोषणारे (हायड्रोफिलिक) आणि पाणी जवळजवळ न शोषणारे (हायड्रोफोबिक).

फरक कशामुळे?

हायड्रोफोबिक ॲक्रिलिक मागील आवरणाला घट्ट चिकटते, त्यामुळे पेशींना आत शिरण्यास फट उरत नाही. हायड्रोफिलिक भिंगांत जाळीचे प्रमाण तुलनेने अधिक आढळते. मात्र केवळ पदार्थ निर्णायक नाही. भिंगाची मागील कड गोल नसून चौकोनी, धारदार असेल, तर ती पेशींची वाट बांधाप्रमाणे अडवते. पिशवीची सफाई, रुग्णाचे वय आणि डोळ्यातील दाह यांचाही परिणाम होतो. लहान मुलांत जाळी लवकर व दाट धरते.

कोणताही पदार्थ निर्दोष नाही. काही हायड्रोफोबिक भिंगांत सूक्ष्म चकाकते ठिपके दिसतात. हायड्रोफिलिक भिंगांत क्वचित कॅल्शियम साचून भिंगच पांढुरके होते. असे भिंग बदलावे लागू शकते.

उपचार

जाळीवर याग लेझरचा उपचार होतो. टाके वा भूल देऊन छेद न घेता आवरणाच्या मध्यभागी छिद्र पाडले जाते. काही मिनिटांचे हे काम असते. डोळ्यातील दाब तात्पुरता वाढणे आणि क्वचित दृष्टिपटल सुटणे हे त्यातील धोके होत. भिंगच गढूळ झाले असेल, तर लेझरचा उपयोग नसतो. उलट आवरणाला छिद्र पडल्याने भिंग बदलणे अवघड होते. म्हणून लेझरपूर्वी नेमके काय गढुळले आहे याचे निदान महत्त्वाचे. शस्त्रक्रियेनंतर मिळणारे भिंगाचे कार्ड जपून ठेवल्यास ते काम सोपे होते.