पक्ष्याची प्लीहा : एका परिभाषेचा इतिहास
१६६६ साली मार्चेल्लो माल्पीघी याने प्लीहेतील पांढुरके कण वर्णिले. पुढे सस्तन प्राण्यांच्या अभ्यासातून 'श्वेत' व 'रक्त' मगज हा भेद रूढ झाला. कोंबडीच्या प्लीहेत मात्र या दोहोंची सीमा अस्पष्ट असते. सस्तनांत त्या सीमेवर आढळणारा पट्टाही तीत नसतो. रक्तातील परकीय कण टिपण्याचे त्याचे कार्य येथे केशवाहिन्यांभोवतीची आवरणे व त्यांलगतच्या पेशी करतात. एकोणिसाव्या शतकात श्वाइगर-झायडेल याने वर्णिलेली ही आवरणे त्याच्याच नावाने ओळखली जातात. उंदराच्या प्लीहेत ती आढळत नाहीत. म्हणूनच उंदरावर बेतलेली परिभाषा पक्ष्यास लावली, की नसलेल्याचा शोध होतो आणि असलेले दुय्यम ठरते. संज्ञा उसनी घेताना ती कोणत्या देहावरून घडली, हे पाहणे अगत्याचे आहे.