पावसाळी वाहनचालन (मुंबई उपनगरे)

पावसाळी वाहनचालन : ओल्या, निसरड्या किंवा पाणी साचलेल्या रस्त्यावर ताबा न सुटू देता वाहन चालविण्याची रीत. मुंबईच्या उपनगरांत बर्फ पडत नाही. घसरणीचा धोका येतो तो जून ते सप्टेंबरच्या पावसातून. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते की मागच्या, यावर वाहन निघताना आणि वळताना कसे वागेल हे ठरते. थांबताना मात्र प्रत्येक वाहनाला टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचाच आधार असतो.

रस्त्यांची स्थिती : दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या राष्ट्रीय उद्यान, आरे, पवई या डोंगराळ भागातून निघून पश्चिमेला वाहतात. वाटेत रेल्वेमार्ग आडवा येतो. त्याखालून जाणारे अंधेरी, मिलन यांसारखे सबवे सखल असल्याने जोरदार पावसात, विशेषतः भरतीच्या वेळी, लवकर तुंबतात. घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात टेकड्यांवरून उतरलेले पाणी ठाणे खाडीकडे जाताना लालबहादूर शास्त्री मार्गावर पसरते. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल, रबराची भुकटी आणि धूळ यांचा निसरडा थर तयार होतो. पेव्हर ब्लॉक, रस्त्यावरचे रंगाचे पट्टे आणि खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा दुचाकींना सर्वांत घातक ठरतात.

पकड आणि थांबण्याचे अंतर : डांबरी रस्त्याचा घर्षणांक कोरडा असताना सुमारे ०.७, ओला असताना ०.४ आणि बर्फावर ०.१ धरला, तर ताशी ६० किमी. वेगातील गाडी ब्रेक लागल्यानंतर अनुक्रमे सुमारे २०, ३५ आणि १४० मी. अंतरावर थांबते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत सरकलेले अंतर यात धरलेले नाही. रस्त्यावर पुरेसे पाणी असेल तर विशिष्ट वेगानंतर टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो. हवेचा दाब ३२ पीएसआय असता हा वेग ताशी सुमारे ९४ किमी., तर २० पीएसआय असता सुमारे ७४ किमी. येतो; झिजलेल्या टायरची पकड त्याआधीच सुटते. म्हणून पावसाळ्यापूर्वी हवा आणि टायरच्या खाचा तपासणे अत्यावश्यक आहे. मोटारीच्या टायरच्या खाचांची किमान कायदेशीर खोली १.६ मिमी. आहे.

चालनेचे प्रकार : (१) पुढील चाकांची चालना. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून ही रचना घरोघरी पोहोचली. इंजिनाचे वजन चालत्या, म्हणजे ताकद मिळणाऱ्या, चाकांवर असल्याने गाडी सहज निघते. पण ओढणे आणि वळणे दोन्ही कामे त्याच चाकांची असल्याने वळणावर अॅक्सिलरेटर दाबला की गाडी न वळता सरळ बाहेर जाते. अशा वेळी स्टिअरिंग आणखी न फिरवता अॅक्सिलरेटर हलका करावा. (२) मागील चाकांची चालना. जुन्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत ती होती. टेम्पोत आजही असते. रिकाम्या टेम्पोचा मागचा भाग हलका असल्याने तो बाजूला फेकला जातो. मागचा भाग ज्या बाजूला सरकेल त्याच बाजूला स्टिअरिंग हळुवार वळवावे. (३) रिक्षा. वांद्रे आणि शीव यांच्या पलीकडेच धावणाऱ्या या वाहनाचे इंजिन आणि चालना मागे असतात. दिशा देण्याचे काम एकट्या पुढच्या चाकाकडे असते. झटक्यात घेतलेल्या वळणात ती कलंडू शकते. (४) चारही चाकांची चालना. चिखलातून वा चढावर निघायला तिचा मोठा उपयोग होतो, परंतु थांबण्याचे अंतर तिने कमी होत नाही. (५) विद्युत वाहने. पाय उचलताच मोटर ब्रेकसारखे काम करते आणि तो जोर फक्त चालत्या चाकांवर पडतो. निसरड्या रस्त्यावर या ब्रेकिंगची पातळी कमी ठेवावी. चालना कोणतीही असो, एबीएस (ब्रेक दाबताना चाके अडकू न देणारी व्यवस्था) असलेल्या मोटारीत आणीबाणीला ब्रेक घट्ट दाबून धरावा.

बर्फाळ रस्ते : हिमाचल किंवा लडाखला स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्या मुंबईकरांनी हेच नियम अधिक संयमाने पाळावेत. साखळ्या चालत्या चाकांना बांधाव्यात, उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरावे आणि पुढच्या वाहनापासूनचे अंतर कित्येक पट वाढवावे.

साचलेले पाणी : सुमारे ३० सेंमी. खोल वाहते पाणी लहान मोटार उचलू शकते. उथळ पाण्यातून पहिल्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगाने जावे. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवावेत. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नये. सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, त्या दिवशी बंद मोटारींत अडकून काही जण गुदमरून मरण पावले. म्हणून पाणी दाराशी येताच काचा उघडाव्यात, पट्टा सोडावा आणि गाडी तशीच टाकून उंच जागी जावे. तुंबलेल्या सबवेत उतरूच नये. तेथे कोणतीही चालना कामी येत नाही.