बाळगुटी, बाळागोळी आणि गिरणगावातील रात्र

अर्भकांच्या निद्रेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची साधने कोठे शोधावयाची, हा पहिला प्रश्न होय. मराठीचा अभ्यासक या प्रश्नाला उत्तर म्हणून सहसा पाळण्यांकडे व अंगाईगीतांकडे बोट दाखवितो. परंतु पाळणा हा रचनाप्रकार मुळात झोपेसाठी नाही. तो बारशाला अथवा रामनवमी-गोकुळाष्टमीसारख्या जन्मोत्सवात, भरल्या घरात म्हटला जातो. त्या गलबल्यात मूल झोपले तर ते नवलच म्हणावयाचे! अंगाई ही खरी रात्रीची. तीही बहुधा झोपू लागलेल्या बाळाचेच चित्र रेखाटते. जे मूल झोपत नाही आणि ज्याच्यामुळे घरातील वडील माणसांनाही झोप लागत नाही, ते या वाङ्मयात अभावानेच आढळते. त्याचा शोध घ्यावयाचा तर गीते बाजूस ठेवून औषधांची नावे तपासली पाहिजेत.

'बाळकडू' हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात अर्भकांना द्यावयाचे कडू मिश्रण या अर्थाने नोंदलेला आहे. पुढे त्याला लक्षणेने प्रतिष्ठा लाभली. आज देशभक्तीचे वा संगीताचे बाळकडू मिळते, आणि मूळचा कडवटपणा कोणाच्या ध्यानीही येत नाही. 'गुटी' मात्र घरातच राहिली. सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, सुंठ इत्यादी जिन्नस आईच्या दुधात उगाळावयाचे आणि रात्री किरकिरणाऱ्या मुलासाठी त्यात जायफळ वाढवावयाचे, ही रीत प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या घरी कोल्हापुरात पाहिलेली आहे. या रीतीत मात्रा तोळ्यामाशांत मोजली जात नाही. ती वेढ्यांत मोजली जाते. जायफळाचा एक वेढा की दोन, हे मुलाचे वय, त्याचे पोट आणि कालची रात्र पाहून आजी ठरविते. हे मोजमाप स्थूल खरे, पण ते रोज नव्याने केले जाते आणि त्यासाठी अनुभवी माणूस मुलाजवळ असावे लागते.

गावाकडच्या घरात असे माणूस असे. सासू, जाऊ, नणंद, परकरातली थोरली मुलगी अशा हातांतून रडके मूल फिरत राही. कोणी झोळीला झोका देई, कोणी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढी. दृष्ट काढल्याने मुलाला झोप येवो वा न येवो, आईला तेवढा वेळ पाठ टेकता येई. जागरण नाहीसे करण्यापेक्षा ते वाटून घेणे, हेच या व्यवस्थेचे खरे स्वरूप होते असे मला वाटते.

रत्नागिरी, सातारा आणि आपला कोल्हापूर या भागांतून माणसे मुंबईच्या कापडगिरण्यांकडे गेली, तेव्हा ही वाटणी मोडली. इ. स. १९२० च्या सुमारास तेथील गिरणीकामगारांत स्त्रियांचा वाटा साधारणपणे पाचवा होता. वाइंडिंग व रीलिंग ही त्यांची मुख्य खाती. १९२२ च्या कायद्याने कामाच्या तासांवर आठवड्याला साठ व दिवसाला अकरा अशी मर्यादा घातली. ही सुधारणा होती हे लक्षात घेतले म्हणजे आधीच्या स्थितीची कल्पना येते. चाळीतील खोली एकच. तीत कुटुंबाखेरीज बहुधा गाववाले बिऱ्हाडकरूही असत. सासू गावी शेतावर. अशा खोलीत रात्री मूल रडू लागले तर ते एका आईचे जागरण न राहता पहाटे भोंग्याला उठणाऱ्या सर्वांचे होई.

या परिस्थितीत गुटीची जागा गोळीने घेतली. 'बाळागोळी' म्हणजे लहान मुलांसाठी केलेली अफूमिश्रित गोळी. मुंबई सरकारने गिरण्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिविषयक स्थितीची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्रीडॉक्टरची नेमणूक केली होती. १९२२ साली 'लेबर गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निवेदनात, कामकरी स्त्रियांच्या शेकडा ९८ अर्भकांना अफू दिली जाते असे म्हटले आहे. हा आकडा खानेसुमारीच्या आकड्यासारखा काटेकोर मानू नये. चाळीचाळींतून हिंडलेल्या एका डॉक्टरने 'जवळजवळ सर्वांना' हे ज्या रीतीने सांगितले, ती ही रीत होय. पण तेवढेही पुरेसे आहे.

(एक भाषिक टीप. इंग्रजी कागदपत्रांत हा शब्द रोमन लिपीत येतो. त्या लिपीत 'ल' आणि 'ळ' यांचा भेद राहत नाही, आणि गुजरातीतही हाच शब्द 'ळ'कारासह आहे. त्यामुळे गोळी विकणारा आणि विकत घेणारी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलत, हे त्या कागदांवरून ठरविता येत नाही.)

गोळीची सोय उघड होती. ती आयती मिळे, तिला सहाण लागत नसे आणि दोन वेढ्यांचा विचार करणारी आजीही लागत नसे. तिचा अपाय मात्र तिच्या गुणातच होता. अफूने श्वसन मंद होते, भूक मरते, मलावरोध होतो. पण याहून घातक गोष्ट ही की मूल रडत नाही. रडणे ही अर्भकाची एकमेव भाषा. ती बंद झाली म्हणजे भुकेची वार्ता आईपर्यंत पोचत नाही आणि शांत दिसणारे मूल हळूहळू सुकत जाते.

तत्कालीन सुधारकी लेखनात या चालीचे खापर मातांच्या अज्ञानावर फोडण्याची प्रवृत्ती दिसते. मला ती मान्य नाही. ज्या स्त्रियांच्या घराण्यांत जायफळाचा अर्धा वेढा कमी-अधिक करण्याचे ज्ञान होते, त्यांना अफूचा गुण ठाऊक नव्हता असे मानणे कठीण आहे. अफू चोरून आणावी लागे असेही नाही. १८७८ च्या अफू कायद्याखाली परवान्याच्या दुकानांतून ती विकली जाई व सरकारला तिचे उत्पन्न मिळे. १८९३ साली नेमलेल्या अफू आयोगापुढे अर्भकांना अफू देण्याच्या चालीविषयीही साक्षी झाल्या. १८९५ च्या अहवालानंतरही दुकाने चालू राहिली. शिवाय ही चाल काही हिंदुस्थानची खास नव्हे. इंग्लंडातील गिरणीभागांत 'गॉडफ्रेज कॉर्डियल' या नावाचे अफूयुक्त औषध याच कामी येई, आणि मार्क्सने १८६७ साली 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात आईचे कारखान्यातील काम आणि मुलाची अफू यांचा संबंध दाखविला आहे. भाषा, धर्म, हवामान सारे भिन्न असता उपाय एकच निघावा, याचे कारण भोंगा एकच होता.

उपाययोजना सावकाश झाली. १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याने बाळंतपणाच्या आधीचे व नंतरचे मिळून सात आठवडे, दररोज आठ आण्यांप्रमाणे भत्ता देऊ केला. कायदेमंडळात या विधेयकाचे समर्थन करणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. प्रसूतीनंतरचे आठवडे त्यांत चारच. मुलाच्या झोपेची खरी ओढाताण पाचव्या आठवड्यात संपत नाही, हे कोणतीही आई सांगेल. १९३१ साली मजूर आयोगाने पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवावयास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, १९४८ च्या कायद्याने ते बंधनच केले आणि १९७६ च्या दुरुस्तीने पन्नासांची मर्यादा तिसांवर आणली.

पाळणाघरांनी बाळागोळीला हटविले, असा निष्कर्ष येथे काढण्याचा मोह होतो. पण याच काळात दुसरीही एक घटना घडत होती. १९३० नंतर गिरण्यांत नवी यंत्रपद्धती आली व पाळ्या वाढल्या. रात्रपाळीस स्त्रियांना कायद्याने मज्जाव होता. त्यांची खाती आखडत गेली आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत गिरणीतील स्त्रियांचे प्रमाण अगदीच घटले. म्हणजे ज्या मातांसाठी पाळणाघर कायद्यात आले, त्यांतील अनेकजणी ते उघडण्यापूर्वीच खानावळ चालवू लागल्या होत्या किंवा गावी परतल्या होत्या. परतलेल्यांच्या लेकी-सुना करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांत अद्याप आहेत. आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून ओव्या बऱ्याच उतरून घेतल्या आहेत. मुंबईच्या खोलीत मूल रात्री कसे निजविले जाई, हा प्रश्न मात्र एकाही प्रश्नावलीत मला आढळला नाही.