बास मासा व गळाचा विनोद

गळ टाकून मासे धरण्याची विद्या पोटासाठीं निर्माण झाली यांत संशय नाहीं. परंतु पोट भरल्यावरही मनुष्यानें ती सोडली नाहीं. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत राजाच्या करमणुकींमध्यें 'मत्स्यविनोदा'स स्थान दिलें असून माशांच्या जाती, त्यांचीं आमिषें, दोरी व काठी यांचा विचार केला आहे. तेव्हां हा छंद आम्हीं पाश्चात्त्यांपासून शिकलों असें नव्हे. तथापि एकाच माशाभोंवतीं कारागिरी, वाङ्मय, व्यापार, मंडळ्या आणि अखेर कायदा इतका पसारा कसा उभा राहतो हें पाहावयाचें असेल, तर अमेरिकेंतील बास माशाच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे. हें नांव ऐकतांच मराठी वाचकांस 'पुरे' हा अर्थ सुचेल. पण त्या माशानें अमेरिकनांस पुरे म्हणूं दिलें नाहीं!

बास हा गोड्या पाण्यांतला मासा. त्याच्या मुख्य जाती दोन. मोठ्या तोंडाच्या जातीचा वरचा जबडा डोळ्याच्याही मागें जातो. तिला संथ, उबदार व पाणवनस्पतींनीं भरलेलें पाणी मानवतें. लहान तोंडाची जात थंड, निर्मळ व खडकाळ पाण्यांत रमते. या दुसऱ्या जातीचा एक नमुना पॅरिस येथें लासेपेद या पंडिताच्या हातीं पडला. त्याच्या पाठीवरील पराचा मागचा भाग फाटलेला होता. तो तुकडा निराळा लहानसा परच आहे असें समजून लासेपेदनें १८०२ सालीं माशास 'लहान पराचा' अशा अर्थाचें शास्त्रीय नांव दिलें, व तेंच आजतागायत चालू आहे. या माशाचा नर तळाशीं खळगा करून अंडीं व पिलें यांची राखण करतो, आणि त्या दिवसांत जवळ येईल त्या वस्तूवर तुटून पडतो. भुकेशिवायही गळावर झडप घालणारा मासा खेळगड्यांस प्रिय व्हावा हें साहजिकच होय.

या छंदास पहिलें मोठें साहाय्य घड्याळजींकडून मिळालें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं केंटकी प्रांतांतील पॅरिस गांवीं जॉर्ज स्नायडर नांवाचा घड्याळजी होता. त्यानें दांत्यांच्या चाकांची अशी चक्री बनविली कीं, मूठ एकदां फिरविली असतां दोरीचें रीळ अनेकदां फिरावें. पुढें फ्रँकफर्ट येथील मीक बंधूंनीं, तेही घड्याळजीच, ही कला पूर्णत्वास नेली. हलकें आमिष काठीच्या एका झटक्यानें दूर फेंकणें आतां शक्य झालें. याच सुमारास आगगाडीही आली. १८५४ च्या सुमारास कांहीं बास इंजिनाच्या पाण्याच्या टाकींत घालून, डोंगर ओलांडून, पोटोमॅक नदीच्या खोऱ्यांत नेऊन सोडण्यांत आले. आवडता मासा आपल्या दाराशीं असावा या हौसेचा हा आरंभ होता.

तरीही प्रतिष्ठित लोकांची प्रीति ट्राउट व सॅमन या माशांवर होती. बासची कैफियत मांडली ती जेम्स हेन्शॉल या डॉक्टरानें. १८८१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें या माशाचें शास्त्र, साधनें व कौशल्य यांचें साग्र विवेचन करून, झुंजीच्या बाबतींत हा कोणासही हार जाणार नाहीं असें प्रतिपादन केलें. काठी किती लांब असावी, आमिष जिवंत असावें कीं कृत्रिम, यांवर शिकारीच्या नियतकालिकांतून व तळ्याकांठच्या बैठकींतून वाद रंगूं लागले. मिशिगनमधील जेम्स हेडन हा मधमाशापालक. हातांतला लांकडाचा तुकडा त्यानें सहज पाण्यांत टाकला व त्यावर बासनें झडप घातली, यावरून त्यास लांकडी आमिषाची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. १९४९ सालीं निक क्रीम यानें प्लास्टिकचा गांडूळ केला. गळ टाकणारे गप्पिष्ट खरे. पण त्यांच्या गप्पांत आपलें गुपित राखण्याची धडपड व तें सांगून टाकण्याची उबळ हीं दोन्ही सारखींच प्रबळ असतात, आणि विद्या वाढते ती दुसरीमुळें.

जॉर्जियांत २ जून १९३२ रोजीं जॉर्ज पेरी यानें सव्वाबावीस पौंडांचा बास धरला. तें मंदीचें वर्ष होतें. विक्रमी मासा घरच्या जेवणांत संपला. पोट आणि विनोद यांची फारकत तोंवर पुरती झाली नव्हती. ती पुढें धरणांच्या विस्तीर्ण जलाशयांनीं व शर्यतींनीं केली. रे स्कॉट या विमा-विक्रेत्यानें १९६७ सालीं आर्कान्सामधील बीव्हर जलाशयावर मोठी शर्यत भरविली, व पुढल्याच वर्षीं बास-शौकिनांची संस्था स्थापिली. मेलेल्या माशांच्या माळा मिरविणें शोभत नाहीं हें ओळखून १९७२ पासून त्यानें मासे होडींतील पाण्याच्या हौदांत जिवंत ठेवून, वजन होतांच परत सोडण्याचा प्रघात पाडला. जिंकलेल्यास जीवदान देण्याची ही रीत अल्पावकाशांत त्या छंदाचा जणूं धर्मच बनली.

परंतु इतिहास येथेंच थांबत नाहीं. १९२५ सालीं आकाबोशी तेत्सुमा या उद्योगपतीनें अमेरिकेंतून बास आणून जपानच्या आशी सरोवरांत सोडले. तेथून ही जात देशभर पसरली व प्राचीन बिवा सरोवरांतही शिरली. किनाऱ्याच्या लव्हाळ्यांचा ऱ्हास होत होताच. त्यांत या खादाड पाहुण्याची भर पडून, भातांत मुरवून खाल्ल्या जाणाऱ्या तेथील निगोरोबुना माशासारख्या देशी जाती क्षीण झाल्या. पेरीच्या विक्रमाशीं बरोबरी करणारा बास २ जुलै २००९ रोजीं कुरिता मानाबू यास मिळाला तो याच बिवांत! मात्र तेथें धरलेला बास परत पाण्यांत सोडण्यास शिगा प्रांतानें २००३ सालींच मनाई केली होती, आणि २००५ पासून मोठ्या तोंडाचा बास पाळणें व जिवंत नेणें जपानच्या कायद्यानें निषिद्ध ठरलें.

जीवदानाची क्रिया एकच. अमेरिकेंत ती संयम ठरते, बिवांत ती बंदी मोडणें होतें. भूतदया म्हणजे केवळ हातांतल्या जिवावरची दया नव्हे. ज्या पाण्यांत तो सोडावयाचा त्या पाण्यांतल्या मुक्या रहिवाशांचाही तींत वांटा आहे. हा प्रश्न आम्हांस परका नाहीं. १९५२ सालीं भारतांत आणलेला तिलापिया मासा आज आपल्या अनेक तळ्यांत ठाण मांडून बसला आहे. बासच्या भक्तांनीं माशाशीं उदारपणें वागण्याचें शील कमावलें, याबद्दल त्यांचा गौरवच केला पाहिजे. परंतु आपल्या आवडीचें ओझें दुसऱ्याच्या पाण्यावर न लादणें हें त्याहून कठीण शील होय, आणि तें शिकण्यास गळ हातीं धरण्याचीही गरज नाहीं.