खादीला काठ कुणी लावला?

देशाचं भलं करायचं असेल तर बाईनं आधी अंगावरचं चांगलंचुंगलं उतरवावं, असं आपल्याकडे फार दिवस मानलं गेलं. साड्यांचं वेड असलेल्या माझ्यासारखीला हा इतिहास वाचताना म्हणूनच जरा जड जातं. 1905 च्या दसऱ्याला पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. 31 जुलै 1921 ला मुंबईत परळला, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, गांधींच्या पुढाकारानं त्याहून मोठी. त्या ढिगात तलम, नाजूक वस्त्रं होती. सी. एफ. अँड्र्यूज गांधींचे जवळचे स्नेही, पण माणसांच्या हातचं देखणं काम आगीत टाकलेलं त्यांनाही सोसलं नाही, आणि त्यांनी तसं पत्रानं कळवलं. गांधींनी ते पत्र छापलं आणि आपलं म्हणणं सोडलं नाही.

जाळून झालं. आता नेसायचं काय?

पुरुषांचं त्या मानानं सोपं होतं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, 1877 च्या दिल्ली दरबारात खादीच्या कपड्यांत गेले आणि त्यांचं नाव झालं. पण साबरमती आश्रमात पहिली खादी निघाली ती जेमतेम 30 इंच पन्ह्याची, वाराला सतरा आणे पडलेली. खुद्द गांधींनाच ती धोतराला अपुरी पडली, तेव्हा त्यांनी गंगाबेन मजमुदारांकडे 45 इंच पन्हा मागितला. मग नऊवारीचं काय झालं असेल? दोन पट्ट्यांना मधून उभी शिवण घालायची, आणि ते जाड, पांढरं ओझं कमरेला खोचून दिवसभर कामाला लागायचं. माझी आजी रत्नागिरीकडची. आषाढात चुलीवरच्या वलणीवर टाकलेलं खादीचं लुगडं दुसऱ्या दिवशीही ओलंच असे, असं ती सांगायची. साधेपणावर व्याख्यानं देणाऱ्यांची धोतरं कोण धूत होतं, हे कुठल्याच चरित्रात नसतं.

या अडचणीतून वाट काढली ती हौशी बायकांनी, आणि माझ्या मते खादीच्या इतिहासातलं हे सगळ्यात दुर्लक्षित पान आहे. मुंबईत राष्ट्रीय स्त्री सभेचं काम करणाऱ्यांत दादाभाई नौरोजींची नात पेरीन कॅप्टन आणि मिठूबेन पेटिट होत्या. मिठूबेन बड्या पारशी घरातल्या. रेशमी गारा, म्हणजे भरतकाम केलेल्या पारशी साड्या, आणि भरतकामाच्या किनारी बघतच वाढलेल्या. त्यांनी आपली आवड टाकून दिली नाही, ती खादीवर उतरवली. सभेनं गरजू मुली-बायकांकडून खादीच्या साड्यांवर रंगीत भरतकाम करून घेतलं आणि त्या साड्या विकायला श्रीमंतांच्या दारात उभं राहायलाही या बायका लाजल्या नाहीत. नक्षीला पैसे मोजणारी बाई मिळाली म्हणून सुई धरणारीला मजुरी मिळाली. गांधींनीही या कामाचं कौतुकच केलं.

गांधींच्या अनुयायी अवंतिकाबाई गोखल्यांची तऱ्हा निराळी. गांधींच्या वाढदिवसाला त्या दर वर्षी स्वतः कातलेल्या सुताचं धोतर देत. बारीक, एकसारखं सूत काढणं हीसुद्धा हौसच की!

तरीही काठ-नक्षीनं सगळं सुटत नव्हतं. 1925 मध्ये अखिल भारतीय चरखा संघ निघाला, खपाची व्यवस्था लागली आणि खादी स्वस्त करण्याची धडपड सुरू झाली. स्वस्ताई कुणाच्या जिवावर? कातणारीच्या. दिवसभर चाक फिरवून तिच्या हातात काही पैसेच पडत. गांधींचे सहकारी विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळ नालवाडीला तेवढ्याच मजुरीवर जगून पाहायचं ठरवलं आणि रोज तासन्‌तास कातायला बसले. पोट भरण्याजोगे पैसे काही होईनात. 1935 मध्ये गांधींनी आग्रह धरला की कातणारीला तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांचे आठ आणे मिळावेत. खादी महाग होईल, गिऱ्हाईक पळेल, अशी ओरड संघातल्याच लोकांनी केली. आठ आण्यांपर्यंत मजल गेली नाही, पण मजुरी वाढली आणि कापडाची किंमतही.

मला या भांडणात गांधींची बाजू पटते, आणि होळीत पटत नाही. माझ्या कपाटात साड्या किती, यावरून कातणारीच्या घरात काही बदलत नाही. मी त्या साडीचे किती मोजले आणि त्यातले तिच्यापर्यंत किती पोचले, यावरून बदलतं. तेव्हा हातमागाची किंवा खादीची साडी जरूर घ्या, चांगली ठसठशीत काठाची घ्या. फक्त पदर उलगडून झाला की दुकानदाराला विचारा, हे सूत कुठलं आणि कातणारीला दिवसाचे किती मिळतात. त्याला सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा.