घरांतील फेरफार आणि कमिशनरांची नोटीस

आपल्याच घरांतील भिंत पाडावयाची, तर परवानगी कशाला? मुंबईकरांचा हा प्रश्न जुना आहे. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्याचें ३४२ वें कलम सांगतें, कीं इमारतींत भर घालणें वा फेरफार करणें झाल्यास कमिशनरांस नोटीस द्यावी. किरकोळ डागडुजीस मात्र ती नको.

आठच वर्षांनीं, १८९६ सालीं, मांडवींत प्लेग उद्भवला. डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं तो ओळखला, आणि घराचा आंतील भाग खासगी राहिला नाहीं. अंधाऱ्या खोल्यांत उजेड शिरावा म्हणून म्युनिसिपालिटीनें छपरांवरचीं कौलें काढविलीं. लोकांस तो जुलूम वाटला, यांत नवल नाहीं. पण फळ्यांचे आडोसे घालून एका खोलीच्या दोन केल्या कीं वाऱ्याची वाट बुजते, हेंहि खोटें नव्हे.

पुढें १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानें, ४३ व्या कलमांत, केवळ आंतील भागापुरत्या कामास परवानगीची अट ठेविली नाहीं. घरमालक येथेंच फसतात. ही सूट त्या कायद्यापुरतीच. १८८८ चें कलम कायम आहे. गिलावा, रंग, फरशी खुशाल बदलावी. परंतु वरच्या बिऱ्हाडांचा भार पेलणारा खांब हलवावयाचा, तर आधीं नोटीस दिलीच पाहिजे. मग तो दिवाणखान्याच्या अगदीं मध्यें कां येत असेना.