‘पिट बुल’ : एका नावाचा इतिहास आणि घरातील मूल

काही काळापूर्वी एका परिचित गृहस्थांनी प्रस्तुत लेखकापुढे एक प्रश्न ठेवला. त्यांच्या घरी तीन आणि पाच वर्षांची दोन मुले आहेत. घरात ‘पिट बुल’ जातीचे पिल्लू आणावे असा त्यांच्या धाकट्या बंधूंचा आग्रह होता. बंधूंचे म्हणणे असे की, हा कुत्रा पूर्वी इंग्लंडात दाईसारखा मुलांचा सांभाळ करीत असे. गृहिणीचे म्हणणे असे की, तो जन्मतःच मारेकरी असतो आणि सरकारने त्यावर बंदी घातली आहे. प्रश्न वस्तुतः पशुवैद्याचा. भाषाशास्त्राच्या अध्यापकाकडे तो यावा याचे प्रथम नवल वाटले. परंतु थोडा विचार करता असे दिसून आले की, दोन्ही पक्षांनी कुत्रा पाहिलेला नव्हता. त्यांच्यापुढे होते ते एक नाव, आणि त्या नावाच्या भूतकाळाविषयीच्या दोन परस्परविरोधी समजुती. म्हणून त्या नावाचा इतिहास तपासणे हे या प्रश्नाच्या उत्तराचे पहिले पाऊल ठरते.

‘पिट बुल टेरिअर’ या नावात तीन पदे आहेत, आणि तिन्ही पदे कुत्र्याचे रूप सांगत नाहीत, त्याचे काम सांगतात. ‘बुल’ म्हणजे बैल. बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ इंग्लंडात कित्येक शतके चालू होता. त्या खेळासाठी जोपासलेल्या कुत्र्यांना हे पद चिकटले. ‘टेरिअर’ हे पद फ्रेंचमधून आलेले असून त्याच्या मुळाशी भूमी या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. बिळात शिरून सावज बाहेर काढणारा तो टेरिअर. ‘पिट’ म्हणजे खड्डा, अर्थात जेथे कुत्र्यांच्या झुंजी लावीत ते कठड्याचे रिंगण. सारांश, या नावात पहिला प्रतिस्पर्धी, शिकारीची रीत आणि झुंजीची जागा एवढ्या तिन्ही गोष्टींची नोंद आहे. नाव जातीचे झाले ते फार नंतर.

हे नंतर कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. इ. स. १८३५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने प्राणिक्रौर्यविरोधी कायदा करून बैल, अस्वल इत्यादींवर कुत्रे सोडण्याच्या व झुंजी लावण्याच्या जागा चालविणे बेकायदा ठरविले. बैल लपविता येत नाही. दोन कुत्रे मात्र तळघरात किंवा दारूच्या गुत्त्यामागे सहज लपविता येतात. त्यामुळे बैलांचा खेळ संपला, पण कुत्र्यांच्या झुंजी चोरून चालूच राहिल्या. बुलडॉगचे बळ आणि टेरिअरची चपळाई यांचा संकर त्यासाठी सोयीचा ठरला. या संकरित कुत्र्यांना त्या काळी ‘बुल अँड टेरिअर’ असे म्हणत. हे नाव म्हणजे वंशाची निश्चिती नव्हे, मिश्रणाची कबुलीच होय. पुढे १८६० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी याच मिश्रणातून पांढरा, प्रदर्शनात शोभेल असा बुल टेरिअर तयार केला. इंग्रज खाणकामगारांच्या व कारागिरांच्या वस्त्यांतून उरलेले कुत्रे मात्र झुंजीच्याच परंपरेत राहिले, आणि स्थलांतरितांबरोबर अमेरिकेतही गेले.

झुंजीच्या या परंपरेत एका गुणाला सर्वांत मोठे मोल होते. जखमी झाल्यावरही माघार न घेणे हा तो गुण. झुंजबहाद्दर त्याला ‘गेमनेस’ म्हणत. पिढ्यानुपिढ्या निवड झाली ती या चिकाटीची. यावर असाही युक्तिवाद करण्यात येतो की, झुंजीच्या वेळी माणसालाच कुत्र्यांना हाताने दूर करावे लागे, तेव्हा माणसाला चावणारे कुत्रे पैदाशीतून बाद होत असत. या विधानात काही तथ्य असेल. परंतु ते संपूर्ण सत्य मानता येत नाही. ज्या व्यवसायात पैसा जिंकणाऱ्या कुत्र्यावर लागतो, तेथे जिंकणाऱ्याचे दोष पोटात घातले जातात, आणि माणसावर धावून जाणारे काही नामांकित कुत्रेही पैदाशीत राहिले आहेत.

अमेरिकेत या कुत्र्याला जातीचा दर्जा मिळाला तो नोंदवहीमुळे. चौन्सी बेनेट यांनी १८९८ मध्ये युनायटेड केनेल क्लब स्थापन केला आणि ‘अमेरिकन पिट बुल टेरिअर’ या नावाने नोंदी सुरू केल्या. इंग्लंडातील केनेल क्लबने १९३५ मध्ये त्याच कुळातील कुत्र्याला ‘स्टॅफर्डशायर बुल टेरिअर’ म्हणून मान्यता दिली. दुसऱ्याच वर्षी, १९३६ मध्ये, अमेरिकन केनेल क्लबने अमेरिकेतील कुत्र्यांना ‘स्टॅफर्डशायर टेरिअर’ या नावाने आपल्या वहीत घेतले. येथे ‘पिट’ हे पद गाळण्यात आले हे ध्यानात घ्यावे. झुंजीच्या रिंगणाची आठवण सभ्य प्रदर्शनाला नको होती, म्हणून एका इंग्रज परगण्याचे नाव पुढे केले गेले. १९७२ मध्ये या नावाला ‘अमेरिकन’ हे विशेषण जोडण्यात आले. परिणाम असा झाला की, एकच कुत्रा एका वहीत ‘पिट बुल’ आणि दुसऱ्या वहीत ‘स्टॅफर्डशायर’ म्हणून नोंदला जाऊ शके. प्राणी एक, नावे दोन. आणि दोन नावांच्या अर्थच्छटा परस्परांपासून दूर.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत या कुळाविषयी लोकमत अनुकूल होते. पहिल्या महायुद्धाच्या काळातील भित्तिचित्रांवर अमेरिकेचे प्रतीक म्हणून हाच कुत्रा दिसतो. १९२२ पासून निघालेल्या ‘अवर गँग’ या मुलांच्या चित्रपटमालिकेत डोळ्याभोवती वर्तुळ असलेला पीट हा कुत्रा मुलांचा सोबती होता. लोकांच्या मनात हा कुत्रा आणि मूल यांची जोडी जुळण्यास अशी चित्रे कारण झाली असली पाहिजेत. तथापि ‘दाई कुत्रा’ ही उपाधी शोधू लागल्यास आपण एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात पोहोचत नाही. आपण पोहोचतो १९७१ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये, जेथे स्टॅफर्डशायर बुल टेरिअरच्या पुरस्कर्त्या मंडळाच्या वतीने त्या जातीचे वर्णन मुलांची दाई असे करण्यात आले. इंग्रजी बालसाहित्यातील प्रसिद्ध दाई कुत्री म्हणजे जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’मधील नाना, आणि ती न्यूफाउंडलंड जातीची आहे, बुल टेरिअर नव्हे. विशेष म्हणजे पिट बुलांच्याच बाजूने काम करणाऱ्या कॅलिफोर्नियातील ‘बॅड रॅप’ या संस्थेने २०१३ मध्ये ही दाईची कथा निराधार व मुलांना धोक्यात घालणारी म्हणून उघडपणे टाकून दिली. आमच्या परिचितांच्या बंधूंचा पुरावा येथे निकालात निघतो.

आता गृहिणींच्या पुराव्याकडे वळू. १९८० नंतर अमेरिकेत या नावाचा अर्थापकर्ष वेगाने झाला. चोरट्या झुंजी, शहरी गुन्हेगारी आणि काही भीषण हल्ले यांच्या बातम्यांतून ‘पिट बुल’ हा शब्द भयाचा वाचक बनला; १९८७ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या साप्ताहिकाने मुखपृष्ठावर दात विचकणारा कुत्रा छापून वाचकांना सावध केले. अर्थापकर्षाबरोबर अर्थविस्तारही झाला. जे नाव एका नोंदवहीतील जातीचे होते ते आता रुंद डोके, आखूड केस आणि भरदार छाती असलेल्या कोणत्याही कुत्र्याला लागू लागले.

कायद्याला या विस्ताराचा सामना करावा लागला. ब्रिटनच्या १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्यात जातीचे नाव न घेता पिट बुल टेरिअर म्हणून ओळखला जाणारा ‘प्रकार’ असा शब्दप्रयोग आहे. १९९३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, ‘प्रकार’ हा शब्द ‘जाती’पेक्षा व्यापक आहे. म्हणजे आईबापांचा पुरावा नसला तरी मोजमापांनी व ठेवणीने कुत्रा पिट बुल ठरू शकतो. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने २००५ मध्ये केलेल्या व्याख्येत स्टॅफर्डशायर बुल टेरिअरही पिट बुल आहे. ब्रिटिश कायद्याच्या निषिद्ध यादीत तो नाही. म्हणजे एकच कुत्रा अटलांटिक ओलांडताच पिट बुल होतो. अमेरिकेतील डेन्व्हर शहराने १९८९ मध्ये घातलेली बंदी २०२० मध्ये मतदारांनी उठवून तिच्या जागी परवान्याची पद्धत आणली.

आपल्याकडे केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून पिट बुल टेरिअरसह २३ जातींच्या व त्यांच्या संकरित कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री रोखण्यास सांगितले. कर्नाटक उच्च न्यायालयाने संबंधितांशी विचारविनिमय झाला नाही या कारणास्तव एप्रिल २०२४ मध्ये ते पत्रक रद्द ठरविले. तेव्हा ‘सरकारने बंदी घातली आहे’ हे वाक्यही जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मराठीत तर या शब्दाची गत आणखी चमत्कारिक आहे. इंग्रजाला ‘पिट’ म्हणताच रिंगण आठवण्याचा संभव तरी आहे. मराठी वाचकाला त्या पदातून काहीच बोध होत नाही. शब्द आला, त्याचा व्यवसाय मागे राहिला, आणि सोबत आली ती केवळ भीती किंवा केवळ फुशारकी.

नाव इतके सैल झाल्यावर नावावर आधारलेले आकडेही जपून वापरावे लागतात. अमेरिकेत १९७९ ते १९९८ या वीस वर्षांत कुत्र्यांच्या हल्ल्यांत मरण पावलेल्या २३८ व्यक्तींचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात किमान २५ जाती गुंतलेल्या आढळल्या. पिट बुल प्रकारचे कुत्रे आणि रॉटवायलर मिळून निम्म्याहून अधिक मृत्यूंशी संबंधित होते. ही संख्या दुर्लक्षिण्यासारखी नाही. परंतु कुत्र्याची जात ओळखणे कठीण असते आणि प्रत्येक जातीचे एकूण किती कुत्रे आहेत हे माहीत नसते, अशी सूचना त्याच अभ्यासकांनी दिली होती. ती सूचना पुढे खरी ठरली. फ्लॉरिडातील चार आश्रयगृहांतील १२० कुत्र्यांवरील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्मचाऱ्यांनी ५५ कुत्रे पिट बुल प्रकारचे ठरविले. आनुवंशिक तपासणीत तो वंश आढळला २५ कुत्र्यांत. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार, कुत्र्याकुत्र्यांच्या वर्तनात जो फरक आढळतो त्यापैकी सुमारे ९ टक्केच जातीवरून उलगडतो. चटकन चिडण्याची प्रवृत्ती तर जातीवरून जवळजवळ सांगताच येत नाही.

यावरून ‘जात ही केवळ कल्पना आहे, तेव्हा कोणताही कुत्रा आणा’ असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. तो निष्कर्ष चुकीचा आहे, आणि येथे प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्टपणे नोंदविणे अवश्य आहे. कुत्रा किती वेळा चावतो आणि चावल्यास काय होते, हे दोन निरनिराळे प्रश्न होत. पहिल्याचे उत्तर नावात मिळत नाही. दुसऱ्याचे उत्तर शरीरात आहे: ताकदवान जबडा, भरदार बांधा आणि धरलेले न सोडण्याची जोपासलेली चिकाटी. अमेरिकेतील काही रुग्णालयांच्या अभ्यासांत पिट बुल म्हणून नोंदलेल्या कुत्र्यांच्या जखमा अधिक गंभीर आढळल्या आहेत. लहान मुलाच्या बाबतीत हा भेद निर्णायक ठरतो. मुलाचा चेहरा व मान कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतात. आणि मुलांना चावणारा कुत्रा बहुधा रस्त्यावरचा अनोळखी नसून ओळखीचाच असतो, प्रसंगही घरातलाच असतो. खाणाऱ्या कुत्र्याच्या ताटलीत मूल हात घालते, झोपलेल्या कुत्र्याला मिठी मारते, आणि मोठी माणसे दुसऱ्या खोलीत असतात.

आमच्या परिचितांना आम्ही जे सांगितले ते असे. दाईची कथा खरी मानून हा कुत्रा आणू नये. कारण ती कथा मोठ्या माणसांना गाफील करते, आणि धोका गाफीलपणात आहे. जन्मजात मारेकऱ्याची कथा मानून दुसऱ्या एखाद्या कुत्र्याला निर्धास्तपणे मुलांजवळ सोडू नये. त्यातही तोच गाफीलपणा आहे. कुत्रा पाहावा, नाव नव्हे. पिल्लू मोठेपणी कसे निघेल हे सांगता येत नाही. म्हणून वाढ पूर्ण झालेला, मुलांच्या सहवासात राहिलेला, स्वभाव ठाऊक असलेला कुत्रा बरा. विकणारा आईबाप दाखवीत नसेल तर परत फिरावे. आणि कुत्रा कोणताही असो, तीन वर्षांचे मूल त्याच्याजवळ एकटे, क्षणभरही, ठेवू नये. एवढी देखरेख ज्या घरात शक्य नाही, त्या घराने धाकटे मूल मोठे होईपर्यंत बलवान कुत्र्याचा विचार पुढे ढकलावा.

त्या गृहस्थांनी पिल्लू आणले नाही. बंधू काही दिवस नाराज होते. मात्र त्यांचा शेवटचा प्रश्न नोंदवण्याजोगा आहे. त्यांनी विचारले, ‘मग त्या कुत्र्याचे खरे नाव तरी कोणते?’ वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात येईल की, या प्रश्नाला उत्तर नाही. माणसाने त्याला रिंगणात उतरविले तेव्हा एक नाव दिले, प्रदर्शनात नेले तेव्हा दुसरे, बालकांजवळ बसविले तेव्हा तिसरे, आणि न्यायालयात उभे केले तेव्हा चौथे. यांपैकी एकही नाव वाचून, समोरचा कुत्रा समोरच्या मुलाशी कसा वागेल हे सांगता येत नाही. ते सांगण्यासाठी दोघांवरही डोळा ठेवणारे मोठे माणूस त्या खोलीत असावे लागते.